भरतीरेषेच्या वर

कोकणातल्या पुळणींवर काम करते असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच कासवांची चौकशी करतो. वेळासला पिलं सोडताना पाहिली होती, मुलाला मुद्दाम घेऊन गेलो होतो, तो अजून आठवण काढतो, असं सांगतो. ऐकून मलाही बरं वाटतं. पण माझं काम सुरू होतं ते कासवाची मादी अंडी घालून जिथून समुद्राकडे वळते तिथून पुढे, गावाच्या दिशेने. भरतीची शेवटची रेघ आणि गावातली पहिली विहीर यांच्या मधला वाळूचा पट्टा कुठे वीस पावलांचा असतो, कुठे दोनशे. त्यात राहणारे साप, सरडे, पाली, सापसुरळ्या आणि बेडूक यांची नोंद ठेवणं हे माझं काम. मंडणगड, दापोली, गुहागर या तालुक्यांतले किनारे माझ्या नेहमीच्या फिरण्यातले. अधूनमधून खाली सिंधुदुर्गातही जाते.

या पट्ट्याला कोकणात एकच एक नाव नाही, कारण तो एकसारखा नाहीच. ओली घट्ट वाळू संपली की कोरडी भुसभुशीत वाळू लागते. तिच्या कडेला भरतीने आणून टाकलेला ढीग: शेवाळ, नारळाच्या सोडणांचे तुकडे, लाकडं, तुटकी जाळी आणि आता भरपूर प्लास्टिक. त्याच्या वर मर्यादवेल, जांभळ्या फुलांची, वाळूवर सरपटत गेलेली आणि गाठी-गाठींना मुळं धरलेली. मग वाळूचा उंचवटा, केवड्याची बेटं, निर्गुडी, रुई, कुठे उंडीचं जुनं झाड. त्यापलीकडे वनखात्याने किंवा ग्रामपंचायतीने लावलेली सुरूची रांग, आणि सगळ्यात शेवटी नारळी-पोफळीच्या वाड्या. पाहुणा हे सगळं गाडीतून उतरल्यावर दोन मिनिटांत ओलांडतो. तेच ओलांडायला मला कधी कधी अख्खी रात्र लागते.

कासवांचं ऋण मात्र मान्य केलंच पाहिजे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला काम सुरू केलं, तेव्हा कासवाची अंडी काढून खाणं किंवा विकणं अनेक किनाऱ्यांवर रोजचं होतं. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांनाच राखणदार केलं. पुढे वनखातं आलं, मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन आलं, आणि गावोगावी कासवमित्र तयार झाले. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं, आणि आपल्या किनाऱ्यावर येणारी कासवं पुढे कुठे जातात ते पहिल्यांदा दिसायला लागलं. २०२१ साली ओडिशात पट्टी लावलेली एक मादी २०२५च्या जानेवारीत थेट गुहागरला येऊन अंडी घालून गेली. पूर्वेचा आणि पश्चिमेचा समुद्र एकमेकांशी असा जोडलेला असू शकतो, हे त्या एका पट्टीने दाखवून दिलं. गावातली पोरं हे अभिमानाने सांगतात, आणि त्यांनी सांगावंच.

वाळूवरच्या खुणा वाचायला मी शिकले तीही या कासवमित्रांकडूनच. पहाटे, होड्या ओढायच्या आधी आणि फिरायला येणाऱ्यांच्या आधी, पुळण वाचायची असते. ऑलिव्ह रिडले मादीच्या वल्ह्यांच्या खुणा एकाआड एक पडतात, डावी मग उजवी; हिरव्या कासवाच्या पडतात समोरासमोर. येण्याची वाट एक, जाण्याची दुसरी, आणि त्यांच्या मधे वाळू विस्कटलेली. पण कासवमित्र ती वाट पाहून घरट्याकडे वळले की मी मागे राहते, कारण त्याच वाळूवर रात्रीचे बाकीचे हिशेबही लिहिलेले असतात. सापसुरळी गेली असेल तर मधोमध शेपटीची बारीक रेघ आणि दोन्ही बाजूंना बोटांचे ठिपके. भेक गेला असेल तर थोड्या थोड्या अंतरावर आखूड उड्या, बहुधा भरतीच्या ढिगाकडे निघालेल्या. घोरपडीची नखं खोल रुततात आणि जाड शेपटी मागे वळणं घेत जाते. फुरशाची वाट सगळ्यांहून वेगळी: तुटक, तिरक्या, एकमेकींना समांतर रेघा. मोकळ्या वाळूवर ते अंग उचलून आडवं सरकतं, त्यामुळे सलग रेघ उमटत नाही. ही शेवटची खूण गावातल्या प्रत्येक लहान मुलाला ओळखता यावी असं मला वाटतं, आणि जमेल तिथे मी ती दाखवतेही.

घोरपड दिसली की कासवमित्रांच्या कपाळाला आठी पडते, कारण ती अंडी उकरते. कोल्हे, मोकाट कुत्री, खेकडेही तेच करतात. म्हणून तर अंडी जाळीच्या कुंपणातल्या उबवणी केंद्रात हलवतात. कुत्र्यांबद्दलचा राग मला समजतो. त्यांची संख्या माणसाने वाढवलेली आहे. पण घोरपड या वाळूवरची जुनी रहिवासी आहे. कासवाच्या अंड्यांवर तिचाही हजारो वर्षांपासूनचा थोडा हक्क आहे, असं मी त्यांना सांगते. काही जण मान डोलावतात, काही जण गप्प बसतात.

वाळूत जगणं सोपं नाही. मार्चच्या दुपारी कोरड्या वाळूच्या वरच्या थराचं तापमान ५० अंशांच्या वर जातं. त्यावर अनवाणी उभं राहता येत नाही, मग ज्यांचं पोटच जमिनीला टेकतं त्यांनी काय करावं? उत्तर वीतभर खाली असतं. थर्मामीटरची सळई वाळूत घातली की काही बोटांतच आकडा घसरायला लागतो, आणि कासवाचं घरटं असतं त्या सुमारे ४५ सेंटीमीटर खोलीवर तो दिवसरात्र जवळपास स्थिर राहतो. म्हणूनच तर अंड्यांना ती खोली लागते. २९-३० अंशांच्या आसपास तोल असतो. त्याच्या वर तापमान गेलं तर माद्या जास्त निपजतात, खाली राहिलं तर नर. खोलीचं हे गणित एकट्या कासवाला कळलेलं आहे असं समजू नका. सापसुरळ्या मर्यादवेलीच्या मुळांखाली शिरतात, वाळा साप त्याहून खाली, मुंग्यांच्या आणि वाळवीच्या वाटांनी. दुपारी ओसाड वाटणाऱ्या उंचवट्यावर मर्यादवेलीचा एक कोपरा हलकेच उचलला, तर दमट वाळूत किती जीव श्वास धरून बसलेले असतात ते कळतं. वेल उचलल्यावर ती पुन्हा तशीच ठेवायची, हा आमच्या कामातला पहिला नियम.

रात्री या पट्ट्याचा नकाशा बदलतो. भरतीच्या ढिगात वाळूतले उडे, भुंगे, माशांच्या अळ्या असतात, आणि त्यांच्यासाठी वरून खाली वर्दळ सुरू होते. हेडलॅम्पच्या उजेडात पालींचे डोळे चमकतात. घराच्या भिंतीवर दिसणाऱ्या पालींच्या या नातेवाईक, पण लाकडाच्या ओंडक्यांखाली आणि दगडांखाली राहणाऱ्या. भेक तर भरतीच्या रेषेपर्यंत येऊन बसतात. लाटेचे तुषार अंगावर येतील इतक्या जवळ भेक बसलेला पाहिला की माझ्याबरोबरची नवी मुलं थबकतात. बेडकांना मीठ सोसत नाही, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं असतं. ते खरंच आहे. बेडकाची कातडी पाणी आत-बाहेर जाऊ देते; खाऱ्या पाण्यात तो आतून सुकतो. आग्नेय आशियातला खेकडे खाणारा बेडूक रक्तात युरिया साठवून खारफुटीत राहू शकतो, पण तो अपवाद. आपल्या पुळणीवरचा भेक तसं काही करत नाही. तो रात्री खायला खाली येतो आणि उजाडायच्या आत गोड्या ओलाव्याकडे परततो. त्याचा सगळा जीव त्या परतीच्या वाटेवर अवलंबून आहे.

फुरशाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण या किनाऱ्याचा इतिहास त्याच्याशी फार घट्ट बांधलेला आहे. वीतभर ते हातभर लांबीचा हा साप रत्नागिरी जिल्ह्यात एके काळी इतका होता की इंग्रज सरकारने त्याच्या मुंडक्यावर बक्षीस लावलं. डिसेंबर १८६२ मध्ये बक्षिसाची रक्कम वाढवली, तेव्हा जेमतेम आठवड्याभरात लाखाहून जास्त फुरशी मारून आणली गेली अशी नोंद आहे. आकडा वाचून पोटात गोळा येतो. इतकी कत्तल होऊनही फुरसं संपलं नाही. ते अंडी घालत नाही, थेट पिलांना जन्म देतं. दगड, सुरूची पडलेली साल, कातळाची फट, सुकलेल्या झावळ्यांचा ढीग, काहीही त्याला चालतं. डिवचलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज काढतं. तो इशारा असतो, आणि तो ऐकून दोन पावलं मागे गेलात तर पुढे काही होत नाही. हल्ल्यासाठी माणसाच्या मागे धावणारा साप मी पाहिलेला नाही.

तरीही दंश होतात. पहाटे अनवाणी होडीकडे जाणारे, झावळ्या गोळा करणाऱ्या बायका, अंधारात वाडीला पाणी लावणारे, यांनाच होतात. हर्णैच्या बाजूला एक आजी मला प्रत्येक वेळी बजावते, “बाय माझे, रातच्याला बुटाशिवाय पाय टाकू नको हो.” ती स्वतः मात्र अनवाणीच असते. तिच्यासाठी मी एक बॅटरी नेऊन दिली. आपल्याकडची सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते, आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. त्याचा परिणाम कधी कधी तासांनी दिसतो. म्हणून सूज कमी आहे, बरं वाटतंय, असं म्हणत घरी थांबू नये. हे वाक्य मी ज्या ज्या गावात काम केलं तिथे सांगत आले आहे आणि इथेही लिहून ठेवते.

मांडुळाचं दुःख वेगळं आहे. त्याच्या बोथट शेपटीमुळे त्याला दुतोंड्या म्हणतात आणि धनलाभाच्या खुळ्या समजुतीपायी तो पकडून विकला जातो. विष नाही, चपळाई नाही, वाळूत तोंड खुपसून उंदरांची वाट पाहत पडून राहणारा हा साप. त्याला पकडणं फार सोपं आहे. त्याच कुळातला आणखी एक साप या किनारपट्टीचा खास आहे. १९९१ साली इंद्रनील दास यांनी त्याचं वर्णन केलं आणि रोम्युलस व्हिटेकर यांचं नाव त्याला दिलं. केरळपासून दक्षिण महाराष्ट्रापर्यंतच्या पश्चिम किनारपट्टीवर तो आढळतो. त्याआधी त्याला डुरक्या घोणसच समजत. दोघांत फरक आहे, खवल्यांचा आणि ठिपक्यांचा, पण तो पाहायला साप हातात घेऊन सावकाश बघणारा माणूस लागला. वेंगुर्ल्याच्या बाजूला एका पुळणीमागे केवड्याच्या मुळाशी तो मला पहिल्यांदा दिसला, तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून होते. इतका ठसठशीत साप विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दुसऱ्याच्या नावाखाली राहिला, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

केरळ आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांवरून आलेल्या बातम्याही हेच सांगतात. गळ्याखाली पंखा उघडणारे सरडे आपल्याकडे सगळ्यांना साताऱ्याच्या पठारांवरचे माहीत आहेत. पण २०१८ साली तिरुवनंतपुरमजवळच्या अडिमलतुरा इथल्या किनारी वाळूतून या गटातली एक नवी जात नोंदवली गेली आणि तिला डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं नाव मिळालं. शहराच्या इतक्या जवळ, मासेमारांच्या वस्तीला लागून, समोर वावरणारा सरडा. कोणी वाकून पाहिलं नव्हतं एवढंच.

आमच्याकडे वाकून पाहणारे आहेत, पण ते सड्यावर जातात. कोकणातला जांभ्या कातळाचा सडा खरोखरच अपूर्व आहे. १९६३ मध्ये ग्रँडिसन आणि सोमण यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ल्याहून पांढऱ्या पट्ट्यांची एक जमिनीवरची पाल नोंदवली; मणिपालजवळच्या जांभ्यावरून २०१६ मध्ये अंगठ्याच्या पेराएवढा एक नवा बेडूक आला. सड्याला अभ्यासक मिळाले, कातळशिल्पांमुळे आता लोकांचंही लक्ष मिळालं. ओल्या वाळूला कासव मिळालं. या दोघांच्या मधल्या कोरड्या वाळूकडे कुणी फारसं पाहिलं नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पण ज्याची नोंद नाही ते गेलं तरी कुणाला कळत नाही, ही काळजी मला सोडत नाही.

आता बेडकांकडे येते. खरं तर या सगळ्या कामात माझा जीव त्यांच्यातच जास्त अडकलेला आहे.

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर विहीर, आणि तिचं पाणी गोड. कोकणात हे इतकं रोजचं आहे की कुणाला त्याचं नवल वाटत नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत ते खाऱ्याला दाबून धरतं, असा भूजलशास्त्राचा ठोकताळा आहे. वरचं पाणी उपसून कमी केलं की खालचं खारं त्याच प्रमाणात वर चढतं. वाळूतले बेडूक याच पाण्याच्या भरवशावर आहेत. उन्हाळाभर ते या ओलाव्याच्या जवळ खाली उतरलेले असतात. स्फेरोथेका नावाच्या गटातले बेडूक त्यात सगळ्यात पटाईत. ठेंगणं गोल शरीर, आखूड पाय, आणि मागच्या पायाच्या तळव्याला फावड्याच्या पात्यासारखा कडक उंचवटा. त्याने वाळू बाजूला सारत ते उलटे, बूड आधी, खाली जातात. डोळे सगळ्यात शेवटी बुडतात. या गटातली एक जात, स्फेरोथेका पश्चिमा, आनंद पाध्ये आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली जगापुढे आणली. तोवर तिलाही दुसऱ्याच जातीत धरत होते. वाळूखालच्या प्राण्यांच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा होतं.

जून लागला की आम्ही वाळूत पुरलेल्या बादल्या काढून घेतो. प्राणी मोजायची ही जुनी पद्धत: जमिनीच्या पातळीला तोंड येईल अशी बादली पुरायची, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचं बुटकं कुंपण उभं करायचं, आणि रोज उजाडायच्या आत पाहून, नोंद करून, सगळ्यांना सोडून द्यायचं. तळाला भोकं आणि आत ओलं फडकं ठेवलं नाही तर जीव मरतात. पावसाळ्यात मात्र या बादल्या ठेवून चालत नाही, कारण पाणी खालून चढत येतं. वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खळग्यांत पहिल्या मोठ्या पावसानंतर जे तळं दिसतं, त्यातलं बरंचसं पाणी वरून वाहून आलेलं नसतं. भूजलच वर आलेलं असतं. म्हणून पाऊस उघडला तरी ते लगेच आटत नाही. बेडकांना हे ठाऊक आहे असं म्हणणं शास्त्राला धरून नाही, पण त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची निवड त्यावर झाली आहे एवढं खात्रीने म्हणता येतं.

त्या पहिल्या रात्री या खळग्यांपाशी बोलणं ऐकू येत नाही. वाळूतून आलेले बेडूक काठावर बसून गळा फुगवतात. मायक्रोहायला गटातले इवले बेडूक पाण्याच्या कडेच्या गवतात असतात; अंग एवढंसं आणि आवाज वाडीच्या गडग्यापलीकडे पोचणारा. वाडीच्या पाटात मोठे बेडूक जमतात, त्यांचे नर त्या काही दिवसांपुरते लिंबासारखे पिवळे होतात आणि गळ्याच्या पिशव्या निळ्या. याच मोठ्या बेडकांच्या तंगड्यांसाठी गोव्यात आणि सिंधुदुर्गात पावसाच्या सुरुवातीला शिकार होते. कायद्याने बंदी आहे, वनखातं गस्तही घालतं, पण ऐन विणीच्या रात्री पकडलेली मादी हजारो अंड्यांसकट जाते हे खाणाऱ्याला कुणी सांगत नाही. चार-पाच रात्रींत गोंगाट ओसरतो आणि पाण्यात फेस, माळा, तवंग दिसू लागतात: ज्याची त्याची अंडी. मायक्रोहायलाची पिलं जवळजवळ पारदर्शक असतात, पाण्याच्या मधल्या थरात तरंगत राहतात. फक्त डोळे दिसतात. नानेटी आणि विरोळा हे साप तेवढ्यात पोचलेलेच असतात. काही पावलांच्या खळग्यात हा सगळा संसार उभा राहतो, आणि ऑक्टोबरात तिथे पुन्हा वाळू.

एका पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला वारा मिळाला आणि समुद्राचं पाणी पहिल्या उंचवट्यावरून आत आलं. पुढच्या खळग्यातली भेकाची सगळी पिलं मेली. पाणी चाखून पाहिलं तर खारं. पण त्याच्या मागच्या खळग्यात, दुसऱ्या उंचवट्याच्या आड, पाणी गोड होतं आणि पिलं जिवंत होती. मोजमापाच्या वहीत ही एका ओळीची नोंद आहे. माझ्यासाठी मात्र त्या ओळीने सगळ्या कामाचा अर्थ बदलला. पुळणीची लांबी आपण नेहमी सांगतो, अमुक किलोमीटरचा किनारा म्हणून जाहिरात करतो. बेडकांना, सापांना लागते ती रुंदी. एकामागे एक उंचवटे, एकामागे एक खळगे असतील तर समुद्र कधी आत आला तरी मागे कुणीतरी वाचतं आणि पुढच्या वर्षी पुढच्या जागा पुन्हा भरतात. एकच रांग उरली की एक उधाण पुरतं.

आणि रुंदीच तर जाते आहे. एका गावात माझा आखलेला पट्टा दोन हंगामांच्या मधे नाहीसा झाला. जेसीबीने उंचवटा सपाट केला, त्यावर लाल माती टाकून हिरवळ लावली, समुद्र खोलीतून दिसावा म्हणून. मर्यादवेल कचरा म्हणून उपटली. सुट्टीत समुद्राकडे तोंड करून दिवे लागतात, आणि उजळ क्षितिजाकडे जाणारी कासवाची पिलं त्या दिव्यांकडे वळतात, हे तरी लोकांना आता माहीत आहे. त्या हिरवळीखाली काय गाडलं गेलं ते सांगायला माझ्याकडे फक्त वही होती.

धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचंही तसंच. घर, वाडी वाहून जाण्याची भीती खरी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत झोपलेल्या वाड्या मी पाहिल्या आहेत, त्या माणसांना कोरडा उपदेश करवत नाही. पण उंचवटा आणि त्यावरची वेल हाच समुद्राला थोपवणारा पहिला बांध असतो. तो वाळू देतो, घेतो, पुन्हा उभा राहतो. दगडी भिंतीला ते जमत नाही. भिंत आली की पुढची वाळू खरवडली जाते आणि भेकाची खाली-वर जाण्याची वाट एका रात्रीत बंद होते.

सुरूबद्दल माझं मत गावात फारसं आवडत नाही. सुरूने वारा अडतो, सावली मिळते, सरपण मिळतं, हे खरं. पण दाट लावलेल्या सुरूखाली सुयांचा थर साचतो, मर्यादवेल मरते, केवडा मागे हटतो. त्या थरात फुरसं सापडतं, एखादी सापसुरळी सापडते, बाकी माझी पानं रिकामी राहतात. वादळात उथळ मुळांची ही झाडं ओळीने आडवी झाली, तेव्हा तिथेच जुनी उंडी आणि केवडा उभे होते. नवी लागवड करताना वनखात्याने उंडी, भेंड, केवडा, निर्गुडी यांचा विचार करावा आणि उंचवट्याच्या समुद्राकडच्या अंगाला झाड लावूच नये, वेल राहू द्यावी, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते.

गावातली माणसं वाईट नाहीत, उलट फार जाणती आहेत. मालवणकडे रापण ओढताना जाळ्यात समुद्रसाप येतात. जहाल विषाचे, पण वाळूवर आले की असहाय. पोटाचे रुंद खवले झिजून बारीक झालेले असल्याने त्यांना जमिनीवर नीट सरकता येत नाही. एकदा मी जवळ वाकले, तर रापणीतले एक काका म्हणाले, “गो बाय, तेका हात लावू नको. तेका पाण्यात सोडूक होया.” आणि काठीने उचलून त्यांनी तो लाटेत सोडला. मासळीची घाई असताना, बोली सुरू असताना. त्यांना कुठल्या प्रशिक्षणाची गरज नव्हती. दापोली तालुक्यातल्या एका वाडीवाल्यांनी, मी सांगितल्यावर, गडग्यापलीकडचा खळगा बुजवायचं थांबवलं. तिथे दर पावसाळ्यात बेडूक येतात आणि ते मला फोन करून कळवतात.

कायदाही आपल्या बाजूचा आहे. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत वाळूचे उंचवटे आणि कासवांच्या विणीच्या जागा सगळ्यात संवेदनशील वर्गात धरल्या आहेत. अडचण अशी की उंचवटा नकाशावर दाखवला असेल तरच तो वाचतो, आणि तिथे काही राहतं हे लिहिलेलं असेल तरच तो दाखवला जातो.

म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला माझं एक मागणं आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने तुमच्याकडे जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे आणि लोक जैवविविधता नोंदवही आहे. ती कपाटातून काढा. कासवाचं पान त्यात बहुधा असेलच. त्याच्यापुढे भरतीच्या रेषेपासून पहिल्या विहिरीपर्यंतची जागा पावलांनी मोजून लिहा, उंचवटे किती, खळगे किती, कोणत्या खळग्यात पावसाळ्यात पाणी राहतं. पहिल्या पावसात तिथे कोणते बेडूक ओरडतात ते मुलांना ऐकून लिहायला लावा, नावं येत नसतील तर आवाज फोनमध्ये भरून ठेवा. वाडीत, सुरूत, केवड्यात कोणते साप दिसतात ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. यंदाचा पाऊस यायच्या आत याची सुरुवात करा, आणि गरज वाटली तर आम्हा अभ्यासकांना बोलवा, आम्ही येऊ.